रमणातलावाच्या तळचं पाणी

आमच्या ह्यांचं नाव सूर्याजीराव वाबळे. पूर्वी मी घेत नसे, आता घेते. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. ते जाऊन इतकी वर्षं झाली, आता कमी व्हायला उरलंय काय? त्यांनी जगात नाव काढावं असं काही केलं नाही. उलट करायला हवं होतं ते केलं नाही, हीच तर सगळी गोष्ट. पण माणूस सोन्यासारखा होता, आणि त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही.

हे रमणातलावाचे जमादार होते. लश्कर ही आमच्या संस्थानची राजधानी. तिथनं फूलबागेवरून निघून शहराबाहेर पडलं की पूर्वी शिकारीचा रमणा होता. त्यात नाला अडवून दगडी बांध घातलेला, तो हा तलाव. बाकी लोक रमना ताल म्हणायचे. बांधाच्या टोकाला चौकी होती, दोन खोल्या आणि पुढे पडवी, तेच आमचं घर. ह्यांचे आजोबा पागेतले शिलेदार. पाय कायमचा अधू झाला तेव्हा दरबारानं त्यांना घरी न बसवता तलावावर बसवलं. मग सासरे, मग हे. घोडा गेला, तलवार खुंटीला लागली, पण ऐट बघावी तर पागेचीच! मासे राखायचं काम, आणि हे सकाळी पगडी बांधून, कमरेला पट्टा आवळून निघायचे, जसं काही पानिपतावर चाललेत.

मासे दरबाराचे होते. राजघराण्यात मूल झालं की एका मोठ्या माशाला सोन्याची नथ घालून तलावात सोडायचे. पकडायची सक्त मनाई. सकाळी हे पायऱ्यांवर उभे राहून घंटा वाजवायचे की मासे कणकेच्या गोळ्यांसाठी पायऱ्यांशी गर्दी करायचे. आता बघा, मराठ्याचं घर, दारात तलाव, आणि ताटात मासा नाही! माझा भाऊ यायचा तेव्हा म्हणायचा, "अक्का, तुझं सासर म्हणजे हलवायाच्या दुकानात उपास." मी म्हणायची, "गप जेव."

चौकीवरच्या मुलांसाठीही एक रीत होती. बारशाच्या दिवशी एक लहान मासा सोडायचा, सोन्याची नाही पण चांदीची बारीक बाळी घालून. आम्हाला एकच मूल झालं. शामला. तिच्या बारशाला ह्यांनी टोपी बाजारातल्या सोनाराकडून बाळी करून आणली, आणि तळहाताएवढा महाशीर सोडला. मुलगी तीन वर्षांची होऊन मोतीझऱ्याच्या तापानं गेली. मासा राहिला.

मी काही खुळी नाही. मासा तो मासा, पोर ती पोर, मला मालूम होतं. पण सकाळी घंटा झाली की हे पायरीवरून हाक मारायचे, "अहो, आली बघा!" आणि मी पिठाचे हात घेऊन धावायची. पाण्यात ओठाशी चांदी चमकली की पोटात काहीतरी निवायचं. वर्षागणिक तो मासा वाढत होता. हे म्हणायचे, "आता परकर नेसायच्या वयाची झाली असती." मी त्यांना एकदाही "पुरे करा" म्हटलं नाही. आमच्या दोघांच्या संसारात बोलण्यासारखं दुसरं होतं काय?

आता दसऱ्याचं सांगते, कारण घोडं तिथेच पेंड खातं. बांधाच्या तळाशी एक खालची मोरी होती. वरच्या मोरीतनं शेतांना पाणी जायचं, खालची एरवी बंद. ती वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडायची आणि दिवाळीपर्यंत उघडी ठेवायची. वाबळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं की तलावाच्या तळाला साती आसरा राहतात. उन्हाळाभर त्या खाली गारव्यात निजतात, आणि दसऱ्याला माणसं सीमोल्लंघनाला निघतात तशा त्याही निघतात. त्यांना वाट मोकळी करून द्यायची. नाही दिली, तर थंडीत त्या चिडून वर येतात आणि तलावातलं जिवंत ते सगळं घेऊन जातात. म्हणून दसऱ्याला मोरीपाशी हिरवा खण, हळदकुंकू, दहीभात. मग हे आणि दोन माणसं चाक फिरवायची. अगं बाई, काय वास सुटायचा त्या पाण्याला! काळं, आणि सडक्या अंड्यांसारखं घाणेरडं. पदर नाकाला लावूनसुद्धा उमासे यायचे. मी एकदा म्हटलं, "तुमच्या आसरा आंघोळ करत नाहीत वाटतं!" हे भडकले. दिवसभर बोलले नाहीत.

संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला. राजधानी थंडीत आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला. कचेऱ्या वरातीसारख्या इकडून तिकडे जायच्या. तलाव दरबाराकडून सरकारात गेला. ह्यांची पगडी गेली, खाकी टोपी आली. पण मोरीचं कुणी विचारलं नाही. दसरा आला की हे उघडत होते, जुने साहेब मान हलवत होते, चाललं होतं.

तलावाच्या खात्यात तेव्हा पाध्येसाहेब आले. भालचंद्र पाध्ये. त्यांचे वडील दरबारी कारकून, ते स्वतः रुडकीला शिकून इंजिनिअर झालेले. साहेब असून साहेबीपणा नव्हता, मला वहिनी म्हणायचे. वैशाखात एकदा नावेत बसून दोरीला काहीतरी बांधून खाली सोडत बसले होते. उष्णता मोजायचं यंत्र. पडवीत पाणी प्यायला आले तेव्हा म्हणाले, "सूर्याजीराव, वर अंगाला पाणी कोमट लागतं आणि खाली पाय गारठतात, असंच ना?"

हे म्हणाले, "हो तर! मोरीची जाळी साफ करायला बुडी मारतो ना, दोन पुरुष खोल गेलं की एकदम कुणीतरी गार चादर ओढल्यासारखं होतं. वरचं पाणी वेगळं, खालचं वेगळं. मधे जसा पडदा. आसरांचा तो."

साहेब हसले नाहीत, हे मला फार आवडलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, घंगाळात कढत पाण्यावर विसण घालता, मग काय करता?"

"हातानं ढवळते. नाहीतर वर चटका आणि खाली गार."

"बस्स! तलाव म्हणजे न ढवळलेलं घंगाळ. उन्हानं वरचं पाणी तापतं, तापलं की हलकं होतं, वरच राहतं. गार पाणी जड, ते तळाशी. उन्हाळा-पावसाळा दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थराला वारा लागत नाही. वरून पाला पडतो, शेण पडतं, ते तिथं कुजत राहतं, आणि त्या पाण्यात माशाला लागणारी हवा असते ती संपून जाते. पाणी नासतं. थंडी पडली की मग वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसायला लागतं, आणि खालचं नासकं वर येतं. सगळा तलाव पालथा होतो. त्या दिवशी मासा गुदमरतो."

ह्यांनी तलावाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आसराच की."

"आसरा म्हणा, काही म्हणा. तुमच्या वाडवडिलांनी वेळीच खालचं पाणी काढून टाकायची वाट ठेवली, एवढं खरं. दसरा चुकवू नका."

मला तेव्हा हायसं वाटलं होतं. म्हटलं, चला, देव आणि इंजिनिअर एकदाचे एका मताचे झाले, आता कशाची भीती?

छप्पन साली उन्हाळ्यात तलाव खूप उतरला. खालच्या गावांत पाण्यावरून डोकी फुटली. कुणीतरी अर्ज केला की जमादार मर्जीला येईल तसं पाणी सोडतो. वरून हुकूम आला, खालच्या मोरीला कुलूप घाला, लाखेचं सील करा, लेखी आज्ञेशिवाय उघडायची नाही. सील करायला पाध्येसाहेबच आले. मेणबत्तीवर लाख वितळवताना म्हणाले, "काळजी करू नका, सूर्याजीराव. दसऱ्याच्या आत मीच आज्ञा आणून देतो."

आणि त्यांनी लिहिलं हो! नाही कशाला म्हणू? माणूस शब्दाचा पक्का होता. पण ते साल कसलं! कार्तिकाच्या तोंडावर मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. कचेरीत कामं थांबली आणि गठ्ठे बांधणं सुरू झालं. हे लश्करात चकरा मारायला लागले. एक बाबू होता, भला माणूस, बिचारा स्वतःच परेशान. पोरांच्या शाळा इथे, बदली तिथे. तो ह्यांना म्हणाला, "जमादार साहब, अभी कोई दस्तख़त नहीं करेगा. पहली तारीख़ को सरकार ही नई आ रही है. जो करेगी, वही करेगी." हे परत आले आणि मला म्हणाले, "सरकार बदलतंय, म्हणतात."

मी म्हटलं, "सरकारला सांगा, मासे जुनेच आहेत!"

दसऱ्याच्या आधी चार दिवस पाध्येसाहेबांना भोपाळला जायचा हुकूम आला. ते निरोप घ्यायला चौकीवर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "माझा कागद पुढे गेलाय, पण कुठं गेलाय ते मलाच कळत नाही. इथला अधिकार आजपासून माझा नाही. तिथे जाऊन पुन्हा लिहितो." मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत म्हणाले, "सील म्हणजे शेवटी लाखच असते, सूर्याजीराव." ह्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दसऱ्याला आम्ही मोरीशी गेलो. खण ठेवला, दहीभात ठेवला, कुंकू वाहिलं, ते त्या कुलपावरच. हे हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, पहार आणू का?"

"नको."

"साहेब काय म्हणाले कळलं ना?"

"त्यांनी हुकूम दिला नाही. तोंडातल्या तोंडात बोलले. माझ्या आजोबांना लढाईत माघारीचा हुकूम मिळाला नाही, म्हणून ते एका पायावर उभे राहिले. मी त्यांचा नातू. सरकारी सील वाबळ्याच्या हातून तुटायचं नाही."

"आणि तुमची पोर?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी पट्टा नीट केला आणि बांधावरून चालायला लागले. मला इतका संताप आला की त्यांच्या पाठीवर ते दह्याचं भांडं फेकून मारावं. अहो, ज्यांनी सील लावलं ते गेले, ज्यांनी हुकूम काढला ते सरकारच जायला निघालं, आणि हे त्या लाखेच्या गोळ्याची इज्जत राखतायत! पण खरं सांगू? मीही पहार उचलली नाही. मी वाबळ्यांचीच सून. नवऱ्याचा शब्द खाली पाडून त्याच्यासमोर कुलूप फोडायचं बळ माझ्यात नव्हतं. दिवाळी गेली. हे रोज रस्त्याकडे बघायचे. सायकलवरचा कुणी दिसला की उठून उभे राहायचे. भोपाळहून काही आलं नाही.

मार्गशीर्षात थंडी पडली. मग ढग आले, गारा पडल्या, आणि उत्तरेचं वारं सुटलं ते थांबेचना. अशा एका सकाळी मी दार उघडलं आणि तोच दसऱ्याचा वास आला. पण मोरीकडून नाही, सगळीकडून. तलावाचं हिरवं पाणी काळपट झालेलं. आणि वर सगळीकडे तोंडंच तोंडं! मासे पाण्याबाहेर तोंड काढून आ करत होते. मोठेमोठे, नथा घातलेले, ज्यांना आम्ही नावानं ओळखायचो.

मी ओरडले, "अहो, या! वर आलं सगळं!"

हे अनवाणी धावत आले.  मी घरात गेले आणि पहार घेऊन आले. म्हटलं, "आता तरी फोडा! नाहीतर मी फोडते." त्यांनी माझ्या हातातली पहार घेतली, आणि खाली ठेवली. रागानं नाही, अगदी हळू. म्हणाले, "आता फोडून काय उपयोग? खालचं पाणी खाली राहिलंय कुठं?"

खरंच होतं ते. काढून टाकण्यासारखं वेगळं काही उरलंच नव्हतं. सगळा तलावच ते पाणी झाला होता.

मग आम्ही काय नाही केलं! शेजारच्या वाडीतली माणसं आली. नावा घालून वल्ह्यांनी पाणी बडवलं, वारा मिसळावा म्हणून. बायकांनी काठीनं बडवलं, मी धुण्याच्या मोगरीनं बडवलं. चौकीच्या विहिरीतलं ताजं पाणी पायऱ्यांपाशी ओतत राहिलो, घागरीवर घागर. एवढा थोरला तलाव आणि आमच्या घागरी! हसू येईल कुणाला. ह्यांना वाटलं, निदान पायऱ्यांपाशी विहिरीचं पाणी पडतंय, तिथं मासे यावेत. म्हणून त्यांनी घंटा वाजवायला घेतली. आणि मासे आले हो. जन्मभर घंटेला येत होते, तसेच आले. आडवे होत, कुशीवर पोहत, एकमेकांवर चढत आले आणि पायऱ्यांवर, ह्यांच्या पायांशी, तोंडं उघडून मेले. हे घंटा वाजवतच होते. शेवटी मी जाऊन त्यांचा हात धरला.

ऊन चढेपर्यंत तलाव पांढरा झाला होता, पोटांनी.

दुसऱ्या दिवशी मत्स्यखात्याचा एक इन्स्पेक्टर बैलगाड्या घेऊन आला. कोवळा, नवीनच नोकरीला लागलेला. विषबाधा असेल म्हणून कुणी मासा उचलायचा नाही, सगळे खड्ड्यात चुना घालून पुरायचे, असा त्याला हुकूम. कोरडा होता असं नाही, ह्यांच्याशी अदबीनंच बोलत होता. गाड्या भरताना हे एकेक मासा उलटून बघत होते. मला कळत होतं काय शोधतायत. मी देवाला म्हणत होते, सापडू देऊ नकोस. निदान खाली कुठंतरी अजून जिवंत असेल असं म्हणता येईल.

सापडला. हातभर लांब झाला होता. ओठाशी चांदी काळी पडलेली.

हे तो दोन्ही हातांवर घेऊन इन्स्पेक्टरपुढे उभे राहिले. आयुष्यात ह्यांनी कुणापाशी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, "साहेब, हा एक मला द्या. खायला नको. चौकीमागे पुरतो."

त्याला सगळं सांगितलं असतं तर कदाचित दिला असता. पण हे सांगतील होय! "ही माझी मुलगी" असं परक्यासमोर कुठला वाबळे म्हणेल? इन्स्पेक्टरनं हात जोडले. "बाबा, माफ़ कीजिए. एक भी नहीं छोड़ सकता. लिखा हुआ है. कल को कुछ हो गया तो मेरी नौकरी जाएगी."

मी मागून म्हटलं, "अहो, घेऊन चला घरी! कोण अडवतंय?" खरंच कुणी अडवलं नसतं. तो पोरगा नजर वळवूनच उभा होता. पण ह्यांनी "जी" म्हटलं. गाडीपाशी गेले आणि तो मासा इतर माशांवर ठेवला, नुसता टाकला नाही, डोकं एका बाजूला नीट करून ठेवला. मग त्यांना पंचनाम्यावर सही करायला बोलावलं आणि ते तिकडे गेले.

मी त्या वेळी त्यांना मनात काय काय बोलले, ते सांगण्यासारखं नाही. आता राग नाही. राग कुणावर करायचा? साहेबांनी लिहिलं होतं, बाबूनं खरं तेच सांगितलं होतं, पोराची नोकरी नवी होती, आणि हे तर हेच होते. जो तो आपापल्या जागी बरोबर, आणि तलाव मेला.

गाडी हलली. मी डोक्यावरून पदर घेतला आणि तिच्या मागे चालायला लागले. गाडीवान मागे वळून म्हणाला, "बाई, तुम कहाँ?" मी चालतच राहिले. आमच्यात बायका मसणात जात नाहीत. शामलाला नेलं तेव्हा मला उंबऱ्याच्या आत धरून ठेवलं होतं. कुठं पुरली ते ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ह्या वेळी मला धरायला कुणी नव्हतं. खड्ड्याच्या काठाला मी उभी राहिले, आणि गाडीवाल्यांनी चुना टाकायच्या आधी मातीची पहिली मूठ मी टाकली.